चार्जरचा हिशेब आणि बारा डब्यांची लोकल

मी महापेच्या एमआयडीसीत प्रोग्रॅमर म्हणून काम करतो. या सदराकडे येणारे बरेच प्रश्न संगणकाचे नसतातच. ते असतात लाइट बिलाचे, लोकलचे, सोसायटीचे. मला ते जास्त आवडतात, कारण त्यांची उत्तरं प्रत्येकाला स्वतः पडताळून पाहता येतात. या वेळी निवडलेले प्रश्न असेच आहेत.

रात्री मोबाइलचा चार्जर प्लगमध्ये तसाच राहिला की आमच्या घरी रोज वाद होतो. यजमान म्हणतात, बिल यानेच वाढतं. खरंच किती वीज जाते? (नेरुळहून एक गृहिणी)

ताई, रिकामा चार्जर जवळपास काहीच खात नाही. आजकालचा चांगला चार्जर नुसता लावून ठेवला तर वॅटच्या दहाव्या भागाएवढी वीज घेतो. वर्षभर एकदाही काढला नाही तरी एक युनिट भरतं. जुना किंवा हलक्या प्रतीचा असला तर दोन-तीन युनिट धरा. फोन भरायला लागणारी वीजही थोडीच असते. पाच हजार एमएएचची बॅटरी पूर्ण रिकामी असेल तर वाया जाणारी उष्णता धरून साधारण २५ वॅट-तास लागतात. म्हणजे एका युनिटमध्ये फोन चाळीस वेळा भरतो, आणि रोज भरला तरी वर्षाला नऊ-दहा युनिट होतात.

आता गिझर पाहा. १५ लिटर पाणी नळाच्या तापमानापासून ५५ अंशांपर्यंत तापवायला साधारण अर्धा युनिट लागतो. हे भौतिकशास्त्र आहे, त्यात कंपनी कोणती यावर फारसा फरक पडत नाही. चौघांच्या अंघोळी धरल्या तर दिवसाला दोन युनिट, महिन्याला साठ. एका माणसाच्या अंघोळीच्या विजेत फोन वीस वेळा भरला असता.

सेट-टॉप बॉक्सकडे कुणाचंच लक्ष नसतं. रिमोटने टीव्ही बंद केला तरी कित्येक बॉक्स आत चालूच राहतात आणि दहा-बारा वॅट घेत राहतात. वर्षाकाठी ऐंशी-नव्वद युनिट तिथे जातात. भांडायचंच असेल तर त्या बॉक्सच्या बटणावरून भांडा. जुना छताचा पंखा पूर्ण वेगात ७५ वॅटच्या आसपास घेतो, नवा बीएलडीसी पंखा तिसाच्या आत भागवतो. ज्या खोलीत पंखा दिवसाचे पंधरा तास फिरतो तिथे महिन्याला वीस युनिट वाचतात. एसीचं तापमान एक अंशाने वाढवलं तर वापर सुमारे सहा टक्क्यांनी कमी होतो, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. २०२० पासून नवे एसी सुरू करताच २४ अंशांवर येतात, ते त्याचसाठी.

आमच्या धंद्यात एखादा प्रोग्रॅम हळू चालत असेल तर आम्ही लगेच कुठलीही ओळ बदलत नाही. आधी मोजतो, वेळ नक्की कुठे जातोय ते. बहुतेक वेळा ज्या ओळीवर संशय असतो ती निर्दोष निघते. घरातही हेच करता येतं, आणि त्याला वेगळं यंत्र लागत नाही. तुमच्या मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. एका युनिटमागे तो किती वेळा लुकलुकतो, तो आकडा शेजारीच छापलेला असतो. बऱ्याच मीटरांवर तो ३२०० असतो. तसा असेल तर दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा आणि ११२५ ला त्या सेकंदांनी भागा. आलेलं उत्तर म्हणजे त्या क्षणी घरात चाललेला भार, वॅटमध्ये. दहा सेकंदांनी एकदा लुकलुकला तर ११२ वॅट. आता एकजण मीटरपाशी उभा राहील आणि दुसरा एकेक बटण बंद करत जाईल. अर्ध्या तासात घराचा सगळा हिशेब कळतो. मुलांना या कामाला लावा, त्यांचं गणितही होतं.

एक गैरसमज जाता जाता दूर करतो. महावितरणच्या घरगुती दरात पहिली शंभर युनिटं, मग तीनशेपर्यंत, मग पाचशेपर्यंत असे टप्पे आहेत. तीनशे एक युनिट झालं म्हणून सगळ्या बिलाला वरचा दर लागत नाही. तो फक्त वरच्या युनिटांना लागतो. त्यामुळे वाचवलेलं युनिट नेहमी तुमच्या सर्वात महाग टप्प्यातलं असतं, म्हणून ते वाचवण्यात अर्थ आहे.

ऐरोलीत राज्य भार प्रेषण केंद्राची पाटी रोज बसमधून दिसते. तिथे नेमकं काय करतात? आणि २०२० साली सगळ्या देशाने नऊ मिनिटं दिवे मालवले तेव्हा ग्रिड कोसळेल म्हणत होते, ते का कोसळलं नाही? (ऐरोलीहून एक महाविद्यालयीन विद्यार्थी)

या प्रश्नाबद्दल मनापासून आभार. आपल्या शहरातल्या सर्वात महत्त्वाच्या कामांपैकी एक त्या पाटीमागे चालतं आणि त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही.

वीज मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवता येत नाही. या क्षणी जेवढी वापरली जाते तेवढीच या क्षणी तयार व्हावी लागते. देशातली सगळी मोठी जनित्रं एका तालात फिरतात, सेकंदाला ५० आवर्तनं. डिसेंबर २०१३ च्या अखेरीस दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाला जोडलं गेलं, तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी हा ताल एकच आहे. मागणी अचानक वाढली की जनित्रांवर ओझं येतं, वेग मंदावतो, आकडा पन्नासच्या खाली जातो. मागणी घटली की वेग वाढतो. नियमाप्रमाणे तो ४९.९० आणि ५०.०५ यांच्या मध्ये राहायला हवा. ऐरोलीत बसलेली माणसं राज्यापुरता हा तोल रात्रंदिवस राखतात. कुठल्या संचाने किती वीज द्यायची, कोयनेचं जलविद्युत केंद्र केव्हा सुरू करायचं आणि केव्हा थांबवायचं, हे तिथून सांगितलं जातं.

५ एप्रिल २०२०, रविवार, रात्री नऊ. लोकांनी नऊ मिनिटं घरातले दिवे बंद करावेत असं आवाहन होतं. पंखे, फ्रिज चालू ठेवा, रस्त्यावरचे दिवे बंद करू नका, असंही सांगितलं होतं. राष्ट्रीय पातळीवर अंदाज होता की बारा-चौदा हजार मेगावॅट मागणी घटेल. प्रत्यक्षात ती सुमारे ३१ हजार मेगावॅटने घटली, आणि नऊ मिनिटांनंतर परत चढू लागली. कोयनेची स्थापित क्षमता १९६० मेगावॅट आहे; म्हणजे जवळपास सोळा कोयना एकाच वेळी थांबवून पुन्हा सुरू कराव्यात तसं झालं. तरी आकडा ४९.७० ते ५०.२६ या दरम्यानच राहिला.

हे जमलं ते जलविद्युतमुळे. कोळशाच्या संचाला उत्पादन कमी-जास्त करायला बराच वेळ लागतो. धरणाच्या पाण्यावर चालणारी चक्की काही मिनिटांत खाली आणता येते आणि तितक्याच झटपट वरही नेता येते. त्या संध्याकाळी देशभरातली जलविद्युत केंद्रं आधीच पूर्ण जोमाने चालवून ठेवली होती, म्हणजे नऊ वाजता ती आवळायला जागा राहील. कोळशाचे संच आधीपासून खालच्या पातळीवर आणले होते. अंदाज दुपटीने चुकला, तरी राखीव जागा पुरून उरली. माझ्या मते भारतातल्या अभियंत्यांनी या शतकात केलेल्या सर्वात सुंदर कामांपैकी ते एक आहे, आणि त्यासाठी त्यांना हवी तेवढी शाबासकी मिळाली नाही.

याच्या शेजारी त्याच वर्षीची दुसरी तारीख ठेवा. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा मोठा भाग अंधारात गेला. लोकल जागच्या जागी थांबल्या, लोक रुळांवरून चालत निघाले. तेव्हाच्या ऊर्जामंत्र्यांनी दिलेल्या माहितीप्रमाणे कळवा-पडघा इथल्या ४०० केव्हीच्या यंत्रणेत एका सर्किटचं काम चालू होतं, भार दुसऱ्यावर टाकला होता, आणि त्या दुसऱ्यात बिघाड झाला. एप्रिलमध्ये देशभराचा भार एकदम हलला तरी काही झालं नाही, कारण सगळे तयारीत होते. ऑक्टोबरमध्ये एका साध्या सोमवारी मुंबई थांबली. संगणकाच्या दुनियेतही मोठे अपघात असेच होतात: जोडीतला एक दुरुस्तीला गेलेला असतो आणि दुसऱ्यावर आपण भरवसा टाकलेला असतो. तू अभियांत्रिकीला जाणार असशील तर या दोन दिवसांवरचे सरकारी अहवाल मिळवून वाच. पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त शिकायला मिळेल.

फोन ऐंशी टक्क्यांवर काढावा की शंभर होऊ द्यावा? (सीवूड्सहून)

दोन-तीन वर्षांत फोन बदलत असाल तर विचारही करू नका. जास्त वापरायचा असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये ऐंशी टक्क्यांवर थांबण्याची सोय असते, ती लावा. लिथियमच्या बॅटरीला उष्णता सर्वात जास्त बाधते, आणि पूर्ण भरलेल्या अवस्थेत तासन्‌तास पडून राहणंही. उशीखाली फोन ठेवून चार्ज करू नका, एवढं मात्र नक्की पाळा.

महापे, ऐरोली, रबाळे भागात खिडक्या नसलेल्या मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. आत डेटा सेंटर आहे म्हणतात. आमच्या वाट्याची वीज आणि पाणी तिथे जातं का? शिवाय मुलगा दिवसभर एआयला प्रश्न विचारत असतो, त्याचाही भार पडतच असेल. (कोपरखैरणेहून एक निवृत्त शिक्षक)

सर, आधी त्या इमारती इथेच का, ते सांगतो. समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेटच्या केबल भारतात ज्या थोड्या ठिकाणी किनाऱ्याला लागतात त्यात मुंबई प्रमुख आहे. बँका आणि शेअर बाजार मुंबईत. मोठ्या दाबाची वीज आणि मोकळे भूखंड ठाणे-बेलापूर रस्त्याच्या औद्योगिक पट्ट्यात. रसायनांचे बरेच कारखाने गेले आणि त्यांच्या जागी सर्व्हर आले. पनवेलजवळही २०२० पासून एक प्रचंड डेटा सेंटर चालू आहे. देशातल्या डेटा सेंटरांचा सर्वात मोठा वाटा आज मुंबई महानगराच्या परिसरात आहे.

आत कपाटांच्या रांगा असतात आणि त्यांत संगणक. संगणक जेवढी वीज घेतो तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते, आणि ती उष्णता आपल्या दमट हवेत बाहेर टाकायला आणखी वीज लागते. म्हणून या धंद्यात एक गुणोत्तर पाहतात: पूर्ण इमारतीची वीज भागिले संगणकांची वीज. ते दीड असेल तर संगणकाच्या प्रत्येक युनिटामागे अर्धा युनिट थंडाव्यावर आणि इतर सोयींवर जातो. नॉर्वेत हे गुणोत्तर खाली ठेवणं सोपं आहे, तुर्भ्याच्या मे महिन्यात कठीण.

आता मुलाचं. गुगलने २०२५ साली स्वतःच्या एआयबद्दल प्रसिद्ध केलेला आकडा असा की लिखित प्रश्नाच्या एका मध्यम उत्तराला ०.२४ वॅट-तास लागतात. हा कंपनीचा स्वतःचा आकडा आहे, आणि त्यात चित्रं, व्हिडिओ किंवा ते मॉडेल शिकवायला लागलेली वीज नाही. तरी तो मानला तर गिझरच्या एका अंघोळीत दोन हजार प्रश्न विचारून होतात. त्यामुळे मुलाला विजेसाठी रागावू नका. तो प्रश्न विचारण्याआधी स्वतः विचार करतो का, हे मात्र जरूर पाहा. मी रोज ही साधनं वापरतो, आणि ज्याला उत्तर चूक की बरोबर हे कळतं त्यालाच ती उपयोगी पडतात असं माझं ठाम मत आहे.

पण तुमचा पहिला प्रश्न याने सुटत नाही. एकेक उत्तर लहान असलं तरी इमारत चोवीस तास चालते, आणि अशा इमारती वाढतच आहेत. नवी मुंबई महापालिकेकडे मोरबे धरण स्वतःच्या मालकीचं आहे, असं भाग्य थोड्याच शहरांना लाभतं. त्या धरणाचं असो की एमआयडीसीचं, पाणी कुठल्या कामाला किती जातं हे नागरिकांना कळलं पाहिजे. प्रत्येक डेटा सेंटरने आपला विजेचा आणि पाण्याचा वापर दर महिन्याला जाहीर करावा, गुणोत्तर दारावर लावावं. मी याच उद्योगाच्या आधारावर पोट भरतो आणि तरीही ही मागणी रास्त आहे असं मला वाटतं. आपल्या नगरसेवकाकडे ती लेखी करा.

उलव्यात घर घेतलं ते अटल सेतूच्या भरवशावर. ऑफिस फोर्टला. पण रोजचा टोल परवडत नाही, आणि लोकलने गेलं तर नेरुळला किंवा बेलापूरला बदलावी लागते. तुम्ही असता तर काय केलं असतं? (उलव्याहून एक नोकरदार)

मी लोकलने गेलो असतो.

१२ जानेवारी २०२४ या एकाच दिवशी दोन गोष्टी सुरू झाल्या. शिवडी ते चिर्ले हा २१.८ किलोमीटरचा सेतू, आणि खारकोपरच्या पुढे उरणपर्यंतची रेल्वे. छायाचित्रं सगळी पुलाची छापली गेली. पूल देखणा आहे, अभियांत्रिकी म्हणून अभिमान वाटावा असा आहे. पण हिशेब पाहा. रस्त्याच्या एका लेनमधून तासाभरात फार तर दोन हजार मोटारी जातात, आणि बहुतेकींत एकटा माणूस असतो. बारा डब्यांच्या एका गर्दीच्या लोकलमध्ये चार-पाच हजार माणसं असतात. म्हणजे एक लोकल दोन लेनचं तासाभराचं काम काही मिनिटांत करते. शिवाय सेतूवर दुचाकीला आणि रिक्षाला परवानगी नाही, आणि मोटारीचा एका फेरीचा टोल सुरुवातीपासून २५० रुपये ठरला. महिन्याचे दिवस गुणून पाहा.

एनएमएमटीच्या आणि बेस्टच्या काही बस सेतूवरून जातात. त्यांची वेळ तुम्हाला जुळत असेल तर तो सर्वात चांगला मार्ग आहे. बस चुकली तर लोकल. प्रवासात दोन वेळा आहेत हे लक्षात ठेवा: घड्याळातली आणि आपल्या हातातली. मोटारीतली चाळीस मिनिटं पूर्णपणे स्टिअरिंगला दिलेली असतात. लोकलमध्ये खिडकी मिळाली तर पुस्तक वाचून होतं, चौथी सीट मिळाली तरी कानाला लावून काही ऐकता येतं.

खरी तक्रार गाडी बदलण्याची नसून उरण मार्गावरच्या तुरळक गाड्यांची आहे. नेरुळला उतरल्यावर पुढची हार्बर थोड्या मिनिटांत मिळते. पण संध्याकाळी परतताना उरणची गाडी चुकली की फलाटावर ताटकळत बसावं लागतं. बामणडोंगरी आणि खारकोपरच्या प्रवाशांनी फेऱ्या वाढवण्यासाठी जोर लावला पाहिजे. पुलाच्या तुलनेत त्याला फारसा खर्च नाही.

या निमित्ताने एका जुन्या गोष्टीची आठवण करून द्यावीशी वाटते. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना ‘मार्ग’ मासिकात मांडली, तेव्हा मुंबईला जायला सोयीचं उपनगर त्यांना नको होतं. काम आणि घर दोन्ही खाडीच्या याच बाजूला असावं, हा गाभा होता. हे शहर उभारायला १९७० मध्ये सिडको झाली. सरकारची मुख्य कचेरी इकडे यावी अशीही नियोजनकारांची इच्छा होती. बेलापूरला कोकण भवन आलं, मंत्रालय मात्र नरिमन पॉइंटलाच राहिलं. पुढे वाशीपर्यंत लोकल यायला १९९२ उजाडलं. आज ऐरोली, महापे, घणसोलीत हजारो लोक कामाला येतात, त्यांत ठाणे-कल्याणकडून खाडी ओलांडून येणारेही आहेत. अर्धी कल्पना साकार झाली. नोकरी बदलण्याची संधी आली तर पगाराच्या आकड्यात रोजच्या प्रवासाचे तास उणे करून पाहा, आणि मग ठरवा.

आमच्या सात मजली सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसवलं तर सगळ्यांची बिलं शून्य होतील, असं एक एजंट सांगून गेला. विश्वास ठेवावा का? (वाशीहून सोसायटीचे एक सचिव)

ठेवू नका. हिशेब असा. सात मजले, मजल्यावर चार घरं, एकूण २८. गच्ची म्हणजे चार घरांएवढी जागा, समजा २८०० चौरस फूट. पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली आणि सावली वजा जाता निम्मी उरेल. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट लागतात, म्हणजे १४ किलोवॅट. एक किलोवॅट वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिट देतो. जून ते सप्टेंबर पुष्कळ कमी. एकूण ५६ युनिट, म्हणजे घरटी दोन. दोन युनिटांत कुणाचं बिल शून्य होत नाही. पण लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांचं कॉमन मीटरचं बिल बऱ्यापैकी भागतं, आणि सोलर त्यासाठीच बसवावं. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे.

आणखी दोन गोष्टी एजंट सांगत नाहीत. नेट मीटरिंगचं साधं सोलर लाइट गेली की बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या वायरमनला उलटा शॉक बसू नये म्हणून तसं केलेलं असतं. लिफ्टसाठी जनरेटर लागणारच. दुसरं, वाशीत सिडकोच्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. तुमचीही त्यात असेल तर पंचवीस वर्षं चालणाऱ्या वस्तूत आज पैसे घालू नका. नसेल, आणि गच्चीवर गळतीसाठी पत्र्याची शेड असेल, तर तिच्या सांगाड्याची ताकद आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या.

पुढच्या सर्वसाधारण सभेपूर्वी कॉमन मीटरची गेल्या बारा महिन्यांची बिलं काढा, युनिटांचे आकडे एका कागदावर लिहा आणि तो कागद सभासदांना वाटा. तीन ठेकेदारांची लेखी दरपत्रकं मागवा. प्रत्येकाकडून एकच प्रश्न लिहून घ्या: जुलैमध्ये किती युनिट मिळतील? जो याचं उत्तर लेखी देणार नाही त्याला काम देऊ नका.